तिकीट काढून दरोडा

आमच्या शहरात बघण्यासारखं काही नाही. इथे राहायला आलो त्या पहिल्याच महिन्यात मी हे म्हटलं होतं, आणि आता मुलगी पाचवीत गेली तरी माझ्या मतात काडीचाही फरक पडलेला नाही. अमेरिकेच्या मधोमध, चारी बाजूंनी मक्याच्या शेतांनी वेढलेलं, ना धड मोठं ना धड लहान असं हे गाव. विमानतळ आहे, पण तिथून कुठेही जायचं तरी आधी शिकागोला जावं लागतं. नदी आहे, पण तिचं पाणी बाराही महिने उकळून उरलेल्या चहासारखं. डाऊनटाऊन आहे, आणि तिथे संध्याकाळी सहानंतर गाडी कुठेही लावता येते, कारण तिथे तेव्हा कोणी नसतंच.

नवऱ्याला हे पटत नाही. तो इथल्या एका विमा कंपनीत आयटीत आहे. त्याचे इंजिनिअरिंगचे मित्र अल्फारेटा, हर्नडन, शुगर लँड अशा देशी वस्तीच्या उपनगरांत पांगलेत. त्यांच्याकडे देवळं आहेत, मराठी शाळा आहे, गणपतीत ढोल-ताशे आहेत, दहा मिनिटांवर गरम वडापाव आहे. फोनवर त्यांच्यातला कोणीतरी हमखास विचारतो, "यार, तुमच्याकडे बघायला काय आहे?" की याचा चेहरा उतरतो. बाईच्या माहेराला कोणी नावं ठेवावीत तसा. मग तो शहराच्या पर्यटन खात्याची वेबसाइट उघडतो आणि एकेक स्थळ वाचून दाखवतो. मी स्वयंपाकघरातून ऐकत असते.

त्या वेबसाइटवर पहिला नंबर रिव्हरवॉकचा. नदीकाठी सिमेंटचा रस्ता केलाय आणि त्यावर बदकांच्या मोठ्या भावंडांची, म्हणजे कॅनडाहून येणाऱ्या हंसांची हिरवी विष्ठा पसरलेली असते. लोक ती चुकवत चुकवत चालतात आणि निसर्गाच्या सान्निध्यात गेल्याचं समाधान घेऊन घरी येतात. दुसरा नंबर शिड्यांच्या म्युझियमचा. हे शहर एके काळी लाकडी शिड्यांसाठी प्रसिद्ध होतं म्हणे. कारखाना बंद पडला, तेव्हा उरलेल्या शिड्या भिंतीला टेकवून ठेवल्या, खाली पाट्या लावल्या आणि तिकीट सुरू केलं. आत शेकडो शिड्या आहेत आणि एकीवरही चढायची परवानगी नाही. मग एका गल्लीतली भिंत, तिच्यावर रंगवलेले पंख, त्या पंखांच्या मधोमध उभं राहून फोटो काढायचा. आमच्या ओळखीच्या यच्चयावत मराठी बायकांचा तो फोटो आहे. जुन्या पिठाच्या गिरणीतला फूड हॉल, जिथे लाकडी फळीवर तीन घास ठेवून त्याला जेवण म्हणतात. एका बारमध्ये कुऱ्हाडी फेकायची सोय आहे. पुढे ॲपल पिकिंग. दुसऱ्याच्या बागेत उन्हातान्हात सफरचंदं तोडायची, वाहून आणायची, आणि या मजुरीचे वर आपणच पैसे मोजायचे. भारतातून आलेली इंजिनिअर मंडळी हे हौसेनं करतात आणि फेसबुकवर टाकतात. त्यांच्यातल्या एकालाही गावाकडच्या शेतात कधी निंदायला नेलं असतं तर पाठदुखीचं सर्टिफिकेट आणलं असतं.

असं चाललं होतं आणि त्या वर्षी माझी मावशी आमच्याकडे आली.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. नाशिकला राहते. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये नर्स म्हणून लागली आणि मेट्रन होऊन रिटायर झाली. आमच्या सगळ्या घरात तिच्या जिभेची दहशत होती. ती वॉर्डात शिरली की पेशंटसुद्धा सरळ झोपतात, असं काका म्हणायचे. काका जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा बंगळुरूला, ही नाशिकच्या फ्लॅटमध्ये एकटी, आणि एकटीनं मजेत. त्या मावशीची आदल्या वर्षी सकाळी दूध आणायला गेली असताना गळ्यातली चेन खेचली. मोटरसायकलवर दोन पोरं होती. ती रस्त्यावर पडली, गुडघा फुटला, मानेवर वळ उठला. हे सगळं बरं झालं. पण मावशी घराबाहेर पडेना. दूध वॉचमन आणून द्यायचा. दिवेलागणीला ती खिडक्या लावून घ्यायची. शेवटी आईनं मला फोन केला, "तुझ्याकडे ने बाई तिला थोडे दिवस. तिकडे निवांत आहे म्हणतेस ना?"

निवांत तर आहेच. त्यापलीकडे इथे काही नाही, हे मी आईला सांगितलं नाही.

मावशी आली ती अर्धी होऊन. वजनानं नव्हे, वजन तेवढंच होतं. पण विमानतळावर मला बघून "काय गं, किती सुटलीस" असं म्हणाली नाही, तेव्हाच मी काय ते ओळखलं. गळा मोकळा होता. हातात एक कापडी पिशवी, त्यात पाण्यानं भरलेली स्टीलची बाटली, आणि ती पिशवी ती घरातसुद्धा खाली ठेवायची नाही.

नवऱ्याला मात्र पाहुणी मिळाल्याचा आनंद झाला. दर शनिवारी-रविवारी त्यानं एकेक स्थळ काढलं. रिव्हरवॉक दाखवला. मावशी म्हणाली, "छान आहे." शिड्यांच्या म्युझियममध्ये एक बाई आम्हाला तासभर लाकडाच्या जाती समजावत होती. बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, "छान आहे हो." पंखांच्या भिंतीपुढे तिला उभी केली, ती उभी राहिली. फूड हॉलमध्ये लाकडी फळीवर बटाट्याच्या चार फोडी आल्या, त्या खाऊन ती म्हणाली, "छान आहे." मला रडू यायचं बाकी होतं. माझी खरी मावशी त्या चार फोडींवर पुढची चार वर्षं बोलली असती.

"बघ, आवडतंय त्यांना," नवरा म्हणाला.

"तिला काही आवडत नाहीये. ती बघतच नाहीये."

"तू ना, मुळात निगेटिव्ह आहेस."

मग त्यानं ट्रेन काढली. वेबसाइटवर ती सातव्या की आठव्या नंबरावर होती. जुन्या काळातली आगगाडी, लाकडी डबे, शहराबाहेरच्या एका छोट्या स्टेशनातून सुटते. मी कधी गेले नव्हते. त्याचं कारणही सांगते. ही गाडी मक्याच्या शेतातून बैलगाडीच्या वेगानं जाते, मध्येच एका ठिकाणी थांबते, आणि उलटी चालत परत येते. ती जिथे जाते तिथे काहीही नाही. स्टेशन नाही, देऊळ नाही, टपरीसुद्धा नाही. बरं, वाफेचं म्हणून जे इंजिन मिरवतात त्याच्या पोटात डिझेल आहे आणि धूर वेगळा सोडतात. ज्या देशानं आपल्या जवळपास सगळ्या खऱ्या पॅसेंजर गाड्या मोडीत काढल्या, तो देश शनिवारी पोरांना खोटी गाडी दाखवायला नेतो. आम्हाला शिकागोला जायला एक गाडी नाही आणि मक्यात जायला आहे.

"मावशींना ट्रेन आवडेल," नवरा म्हणाला. मुलीकडे बघून त्यानं डोळा मिचकावला. मुलगी शाळेच्या ट्रिपला त्या गाडीत जाऊन आली होती. ती हसली आणि म्हणाली, "डॅड, इट्स गॉना बी सो फनी." मी विचारलं काय, तर दोघांनी एकमेकांना टाळी दिली. सरप्राइज होतं.

सप्टेंबर संपत आला होता. मका वाळून पिवळा झालेला. स्टेशनात तिकीट देणारी म्हातारी बाई झालरीचा लांब झगा आणि डोक्याला बॉनेट, म्हणजे हनुवटीखाली फीत बांधायची जुन्या काळची टोपी, घालून बसली होती. तिनं मावशीला "वेलकम, डिअर" म्हणून हात धरून डब्यात चढवलं. डब्यात लाकडी बाकं, मधून वाट. मावशीला वाटेच्या बाजूला बसायचं होतं, खिडकीशी नको. तिच्या शेजारी मी. समोर नवरा आणि मुलगी. बाकीच्या डब्यात गोरी कुटुंबं, पोरंबाळं, आजीआजोबा. गाडी सुटली. अर्धा तास आम्ही मका बघितला. डावीकडे मका होता आणि उजवीकडेही मका होता. मावशी म्हणाली, "छान आहे." नवऱ्यानं मोबाइल काढून व्हिडिओ सुरू केला.

गाडी थांबली. मक्यात सळसळ झाली आणि बाहेरून गोळीचा आवाज आला. पाठोपाठ दुसरा. आपल्याकडच्या सुतळी बॉम्बसारखा, खिडकीच्या अगदी जवळ. डब्यातली पोरं किंचाळली, पण ते किंचाळणं आनंदाचं आहे हे कळायला मला एक क्षण लागला. दाराशी तोंडाला रुमाल बांधलेला, टोपीवाला, लांब काळा कोट घातलेला एक माणूस हातात पिस्तूल घेऊन चढला आणि ओरडला, "कोणी हलायचं नाही. दागिने आणि पाकिटं बाहेर काढा." पोरं खिदळायला लागली. आयांनी चॉकलेटची सोनेरी नाणी पोरांच्या हातात आधीच देऊन ठेवली होती, ती त्यांनी दरोडेखोराच्या पोत्यात टाकायची.

आमच्या मुलीच्या शाळेत महिन्याआड सराव असतो. बंदूक घेऊन कोणी शिरलं तर वर्गाचा दिवा बंद करायचा, कपाटाआड बसायचं, हूं की चूं करायचं नाही. पहिलीपासून ती हे शिकतेय. तीच पोरं, तेच आईबाप, शनिवारी तिकीट काढून बंदुकीसमोर बसतात आणि टाळ्या वाजवतात. हे मला त्या वेळी सुचलं नाही, नंतर सुचलं. त्या वेळी मी मावशीकडे बघितलं.

तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी तिचा हात धरून म्हटलं, "मावशी, खोटं आहे हे, नाटक आहे." तिच्या कानापर्यंत ते गेलं नाही. तो माणूस वाटेतून एकेक बाक करत आमच्याकडे आला, तिच्यासमोर थांबला, वाकला, आणि तिच्या मोकळ्या गळ्याकडे पिस्तुलाचं टोक करून मोठ्या झोकात म्हणाला, "बाईसाहेब, नेकलेस कुठाय?"

मावशी उठली. पिशवीचे दोन्ही बंद तिनं मुठीत धरले होतेच. तिनं पिशवी मागे नेली आणि पाण्यानं भरलेल्या बाटलीसकट त्याच्या डोक्यात घातली. टोपी उडाली. तो माणूस समोरच्या बाकाच्या कडेवर आपटला आणि खाली बसला. आणि मग मावशी ओरडली. काय ओरडली ते मी लिहू शकत नाही. ते सिव्हिल हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत ऐकायला मिळणारं मराठी होतं. नंतर दोन-तीन लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग.

नवऱ्याचा मोबाइल अजून वरच होता.

"बंद कर ते," मी म्हटलं.

त्या माणसाच्या भुवईच्या वर कातडी फाटून रक्त यायला लागलं. रुमाल त्यानं स्वतःच खाली ओढला. आत एक म्हातारा होता. सत्तरीच्या पुढचा, पांढऱ्या मिशा, गोल, मवाळ तोंड, वाचनालयात पेपर चाळत बसलेले असतात त्यांच्यातला. तो गोंधळून मावशीकडे बघत होता. मावशीनं त्याच्याकडे बघितलं, रक्ताकडे बघितलं, आणि तिचा सगळा अवतार बदलला. ती गुडघ्यावर बसली. पदर नव्हता, पंजाबी ड्रेस होता. तिनं ओढणीची घडी केली आणि त्याच्या कपाळावर दाबून धरली.

"सिट. डोन्ट गेट अप. प्रेस हियर," ती म्हणाली. मग मला, "विचार त्याला, चक्कर येतेय का. उलटीसारखं वाटतंय का. काही गोळ्या चालू आहेत का."

मी विचारलं. चक्कर नव्हती. गोळ्या होत्या. "रक्त पातळ व्हायची," तो म्हणाला, "हृदयासाठी."

मी भाषांतर करायच्या आत मावशीला कळलं. माझ्या सासऱ्यांनाही त्याच गोळ्या होत्या, त्यामुळे मलाही कळलं. डोक्याला मार आणि रक्त पातळ, म्हणजे घरी पाठवून चालत नाही. एवढ्यात गाडीचा मॅनेजर धावत आला. त्याच्या अंगात शेरीफचा, म्हणजे काउबॉय सिनेमातल्या पोलिसाचा पोशाख होता, छातीवर पत्र्याचा तारा. त्यानं आधी म्हाताऱ्याकडे बघितलं नाही. आमच्याकडे बघून विचारलं, "तुम्हाला काही इजा? तुमची काही तक्रार आहे का?" आम्ही वकील लावू की काय, एवढीच त्याला धास्ती. मग म्हाताऱ्याला म्हणाला, "बर्फ लावू, होशील ठीक." आणि आम्हाला म्हणाला की पुढच्या महिन्यातली हॅलोविनची भुतांची ट्रेन तुम्हाला फुकट, सगळ्या कुटुंबाला.

"हा काय म्हणतोय?" मावशीनं विचारलं.

"आपल्याला भुतं फुकट दाखवणार म्हणतोय."

"त्याला म्हणावं, हॉस्पिटल," मावशी म्हणाली. मग थेट त्यालाच म्हणाली, "हॉस्पिटल. नाऊ." शेरीफनं मान डोलावली. तिच्या त्या आवाजापुढे कित्येक सिव्हिल सर्जननी मान डोलावलेली आहे.

गाडी मात्र उलटीच यायची होती, त्याच वेगानं. पूर्ण वाटेत मावशी ओढणी दाबून धरून बसली आणि त्याला झोपू देत नव्हती. ॲम्ब्युलन्सला म्हातारा नको म्हणाला, तिचं बिल फार येतं म्हणून. मग आम्हीच त्याला आमच्या गाडीत घातलं. मावशी मागे त्याच्या शेजारी. मुलगी पुढून वळून वळून बघत होती.

"आजी, आर यू इन ट्रबल?"

"मी कशाला? तुझ्या बाबाला विचार," मावशी म्हणाली. नवरा गाडी नीट चालवत होता.

इमर्जन्सीच्या काउंटरवरची मुलगी कॉम्प्युटरवरून नजर न उचलता म्हणाली, "काय झालं?"

"मी ट्रेन लुटत होतो," म्हातारा म्हणाला. "या बाईंनी मला मारलं."

तिनं टाइप केलं आणि विचारलं, "आज?"

मग आम्ही बसलो. या हॉस्पिटलचा शहराला फार अभिमान आहे. लॉबीत धबधबा आहे, पियानो आहे, छताला काचेची फुलपाखरं टांगलीत. मावशीनं ते सगळं एका नजरेत संपवलं आणि मग तिचं लक्ष नर्सेसकडे गेलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ती खरंच काही बघत होती. कोण हात धुतंय, कोण नाही, सलाइनची बाटली कोणी किती उंच लावली. "एवढा पियानो ठेवलाय," ती म्हणाली, "त्यापेक्षा दोन पोरी जास्त ठेवा म्हणावं. बिचारा म्हातारा कोटबीट घालून बसलाय कधीचा."

म्हातारा खरोखरच काळ्या कोटात आणि लोखंडी टाचांच्या बुटांत बसला होता. कपाळावर माझ्या मावशीची अबोली रंगाची ओढणी. थोड्या वेळानं त्यानं मला हळूच विचारलं, "त्यांना विचाराल का, इतक्या जोरात का मारलंत? इतकी वर्षं मी हे करतोय. लोक हसतात."

मी विचारलं. मावशीनं आधी त्याच्या कपाळावरची ओढणी सारखी केली. मग बोलायला लागली, माझ्याकडे बघून नाही, त्याच्याकडे बघून, मराठीत, आणि मी मागून इंग्रजी करत गेले. आम्हाला सगळ्यांना तिनं एवढंच सांगितलं होतं, चेन गेली, मी पडले. पुढचं मीही तेव्हाच ऐकलं. ती रस्त्यावर पडली, तेव्हा दुधाची पिशवी फुटली होती आणि तिचं लक्ष त्या दुधाकडेच होतं. मागे बसलेल्या पोरानं वळून बघितलं आणि तो हसला. समोर दूध केंद्रावर चार माणसं उभी होती. नुसती ओरडली असती तरी ती धावली असती.

"माझा आवाज खालच्या वॉर्डातून वरच्या मजल्यावर जायचा," मावशी म्हणाली. "आणि त्या दिवशी तोंडातून शब्द फुटला नाही. चेन गेली तर गेली. पण वर्षभर मी रोज तेच मनात धरून बसले. की बाई, तू ओरडलीसुद्धा नाहीस."

म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं. मग "आय ॲम सो सॉरी फॉर युवर लॉस" म्हणाला. हे वाक्य इथे सगळ्यांच्या तोंडात असतं, आई गेली तरी आणि मांजर गेलं तरी. मला ते ऐकलं की चीड येते. पण तो थांबला नाही. थोडा विचार करून म्हणाला, "मी रुमाल खाली करायला हवा होता. माझं तोंड दिसलं असतं तर तुम्ही मारलं नसतं."

मी सांगितलं. मावशीनं त्याचं तोंड नीट निरखलं.

"मारलंच असतं," ती म्हणाली, आणि हसली. नाशिक सोडल्यापासून पहिल्यांदा.

इतक्यात दार उघडून तिकीट देणारी ती झालरीच्या झग्यातली बाई आत आली. ती त्याची बायको होती, तिकीटखिडकी बंद करून आता पोचलेली. बॉनेट वाऱ्यानं मागे गेलेलं, हातात गाडीची किल्ली. मला वाटलं, आता हिचं आणि मावशीचं जुंपणार. ती नवऱ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आता तरी बास? किती दिवस सांगतेय, तुझं वय झालं, कुठेतरी पडशील. ऐकलंस कधी?" मग तिनं वळून मावशीचे दोन्ही हात धरले. "मी याला देवाचं नाव घेऊन सांगितलं, मुलांकडून सांगवलं, डॉक्टरकडून सांगवलं. तुमचं ऐकेल तो."

मावशीला इंग्रजी फारसं कळत नाही, पण हे कळलं. "सेम," ती मला म्हणाली, "तुझे काका अगदी असेच. स्कूटर सोडत नव्हते."

स्कॅनमध्ये काही निघालं नाही. दोन टाके पडले. टाके घालणाऱ्या डॉक्टरच्या हाताबद्दल मावशीचं मत फारसं चांगलं झालं नाही.

घरी आल्यावर नवरा तिच्यापुढे उभा राहिला. "मावशी, चुकलं माझं. सांगायला हवं होतं."

"जावईबापू, तुम्ही मनानं चांगले आहात," मावशी म्हणाली. "पण आता मला काही दाखवू नका. त्या शिड्या बघताना माझे पाय मोडून आले होते. आणि ते फळीवरचं जेवण. बटाटा नीट शिजवलासुद्धा नव्हता."

मी आत जाऊन चहा टाकला. मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी एकटी फिरायला जायला लागली. पिशवी घरी ठेवून. आमच्या वस्तीत फुटपाथ आहे, पण त्यावर माणूस चालताना दिसला की शेजारचे पडदा सरकवून बघतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोलिसांची गाडी तिच्याजवळ थांबली. मॅडम, तुम्ही हरवलात का, तुमचं घर कुठे, बरं वाटतंय ना. "वॉकिंग," मावशी म्हणाली, "फॉर हेल्थ." तो पोलिस तिच्या मागे हळूहळू गाडी चालवत आमच्या दारापर्यंत आला. इथे धावलेलं चालतं, त्याचे कपडे वेगळे असतात. कुत्र्याबरोबर चाललेलंही चालतं. नुसतं चालणारा माणूस म्हणजे एकतर वेडा नाहीतर चोर. मावशीनं दारात वळून त्याला आत चहाला बोलावलं. तो आला नाही.

जायच्या आधी त्या म्हाताऱ्या जोडप्यानं आम्हाला जेवायला बोलावलं. शाकाहारी आहोत असं कळवलं होतं, म्हणून हिरव्या रंगाच्या थरथरणाऱ्या जेलीत गाजराचा कीस घालून एक पदार्थ केला होता, आणि त्याला सॅलड म्हणत होते. मावशीनं एक घास घेतला आणि शांतपणे मला मराठीत म्हणाली, "हे पेशंटला दिलं असतं तर मी आचाऱ्याला सस्पेंड केलं असतं." मी त्यांना सांगितलं, मावशी म्हणतेय फार वेगळं आहे. मावशीनं मात्र म्हाताऱ्याचे टाके बघितले, व्रण राहील म्हणाली, आणि तो खूश झाला. तो आता गाडीत दरोडा घालत नाही, तिकिटांना भोकं पाडतो. त्याच्या जागी कॉलेजातला एक पोरगा आलाय आणि टोपीच्या आत हेल्मेट घालतो. स्टेशनात पाटी लागली आहे, या प्रवासात नाटकातला दरोडा पडेल, प्रवाशांनी कलाकारांना हात लावू नये.

मावशी नाशिकला परतली. दूध स्वतः आणते. गळ्यात काही घालत नाही, मुलगा नवी चेन करायची म्हणाला तर त्याला म्हणाली, मला सोसत नाही आता, मान मोकळी बरी वाटते. तिच्या सोसायटीतल्या बायका विचारतात, अमेरिकेत काय बघितलं. नायगरा बघितला का, तो स्वातंत्र्यदेवीचा पुतळा बघितला का. ती म्हणते, मका बघितला.

नवऱ्यानं ती ट्रेन त्याच्या यादीतून काढलेली नाही. उलट ती आता एक नंबरावर गेली आहे. मागच्या शरदात शुगर लँडचे मित्र दोन दिवस राहायला आले, तेव्हा त्यानं त्यांना सगळी गोष्ट आधी सांगितली, व्हिडिओ दाखवला आणि मग तिकिटं काढली. जायच्या वेळी दारातून मला विचारलं, "येतेस?"

"नाही," मी म्हटलं. "मक्यात काय बघायचंय?"

ती मंडळी गेली. मी मशीनला कपडे लावले आणि मावशीला फोन केला. तिकडे रात्र होती, पण ती जागी होती. शेजारच्या फ्लॅटमधल्या नव्या सुनेला दिवस गेले होते आणि सासू तिला पपई खाऊ देत नव्हती. मावशी तासभर त्या सासूबद्दल बोलत राहिली.